ऑनलाइन चेक-इन झालं, पण खोली कुठली? डिस्ने वर्ल्डच्या हॉटेलांमधलं अपग्रेडचं गणित

ज्यांना पूर्ण भाग ऐकायला वेळ नाही, किंवा लोकलमध्ये निम्मा ऐकून झाल्यावर ज्यांची रेंज गेली, त्यांच्यासाठी ही लिखित आवृत्ती. बोललेलं थोडं आवरून लिहिलंय, पण बाज बोलण्याचाच ठेवलाय.

आजचा विषय आहे फ्लोरिडात ऑरलँडोजवळ असलेलं वॉल्ट डिस्ने वर्ल्ड. राइड्सबद्दल आज एक अक्षर नाही. आज फक्त तिथली रिसॉर्ट हॉटेलं, त्यांचं ऑनलाइन चेक-इन, आणि सगळ्यांचा लाडका शब्द, अपग्रेड.

हा विषय का घेतला? आपल्याकडे हे चित्र आता घरोघरी दिसतं. मुलगा किंवा मुलगी न्यू जर्सीला नाहीतर टेक्सासला नोकरीला. आई-बाबा नाशिकहून, साताऱ्याहून पहिल्यांदा अमेरिकेत येतात, आणि नातवंडांना घेऊन ऑरलँडो ठरतं. ही सहल काही दरवर्षी होत नाही. मग फॅमिली ग्रुपवर सल्ले सुरू होतात. "लवकर चेक-इन कर, चांगली रूम मिळते." "लग्नाचा वाढदिवस आहे म्हणून सांग, किल्ला दिसणारी खोली देतात." "अ‍ॅपवर ऑफर आली की लगेच घे."

यातलं खरं किती आणि ऐकीव किती, हे कळायला पडद्यामागची सिस्टिम समजून घ्यावी लागते. मी पेशाने सॉफ्टवेअरवाला आहे, त्यामुळे मला हे सगळं खोल्या आणि तारखा जुळवायच्या कोड्यासारखंच दिसतं. एकदा कोडं कळलं, की पैसे कुठे घालायचे आणि कुठे फक्त शब्द टाकून बघायचा, हे आपोआप कळतं.

पूर्ण भागाचा सार आधीच सांगून टाकतो. हॉटेलकडून तुम्हाला जे काही मिळतं, त्याचे तीन कप्पे असतात. पहिला हक्क, म्हणजे ज्याचे पैसे देऊन तुम्ही बुकिंग केलंय ते. दुसरा विनंती, म्हणजे जे तुम्ही मागितलंय पण त्यांनी कबूल केलेलं नाही ते. तिसरा मेहेरबानी, म्हणजे जे मिळालं तर मिळालं. सहलीचा विचका बहुतेक वेळा एकाच कारणाने होतो. आपण विनंतीला हक्क समजून बसतो.

आधी हॉटेलं समजून घेऊ

डिस्ने वर्ल्ड १ ऑक्टोबर १९७१ रोजी उघडलं. त्या दिवशी तिथे एकच पार्क होतं, मॅजिक किंगडम, आणि दोन हॉटेलं: कंटेम्पररी आणि पॉलिनेशियन. कंटेम्पररीच्या इमारतीच्या पोटातून मोनोरेल आरपार जाते, ते दृश्य तुम्ही कुठे ना कुठे पाहिलं असेल. आज तिथे चार मोठी थीम पार्कं आणि डिस्नेची पंचवीसहून जास्त रिसॉर्ट हॉटेलं आहेत.

या हॉटेलांची उतरंड ठरलेली आहे. सगळ्यात खाली व्हॅल्यू: ऑल-स्टार नावाची तीन हॉटेलं, पॉप सेंच्युरी आणि आर्ट ऑफ अ‍ॅनिमेशन. त्यावर मॉडरेट: कॅरिबियन बीच, कोरोनाडो स्प्रिंग्ज वगैरे. त्यावर डीलक्स: कंटेम्पररी, पॉलिनेशियन, ग्रँड फ्लोरिडियन, अ‍ॅनिमल किंगडम लॉज अशी मंडळी. आणि डीलक्स व्हिला म्हणजे स्वयंपाकघराची सोय असलेली, घरासारखी निवासं.

आता खरा मुद्दा. प्रत्येक हॉटेलच्या आत पुन्हा खोल्यांचे प्रकार असतात. स्टँडर्ड व्ह्यू, पाण्याकडे बघणारी, पार्ककडे बघणारी, क्लब लेव्हल. अ‍ॅनिमल किंगडम लॉजमध्ये सवाना व्ह्यू आहे, म्हणजे बाल्कनीतून जिराफ आणि झेब्रे चरताना दिसतात. व्हॅल्यू हॉटेलांमध्ये प्रिफर्ड नावाचा प्रकार आहे. नाव ऐकून वाटतं की खोली जास्त भारी असेल. तसं काही नाही. खोली साधारण तीच, फक्त लॉबी आणि खाण्याच्या जागेजवळ. जास्तीचे पैसे वाचलेल्या पायपिटीचे.

तुम्ही बुकिंग करता तेव्हा विकत घेता तो हा प्रकार. खोली नंबर अमुक विकत घेत नाही. पुढचं सगळं या एका वाक्यावर उभं आहे.

ऑनलाइन चेक-इन म्हणजे नक्की काय?

माय डिस्ने एक्सपिरियन्स या अ‍ॅपमध्ये किंवा वेबसाइटवर तुम्ही घरबसल्या चेक-इन करता. त्यात काय भरायचं असतं? बरोबर कोण कोण आहे. हॉटेलवर किती वाजता पोचणार. हॉटेलात जे खर्च होतील ते कुठल्या कार्डावर टाकायचे. मोबाइल नंबर. आणि खोलीबद्दल काही विनंत्या असतील तर त्या, उदाहरणार्थ वरचा मजला किंवा लिफ्टजवळची खोली.

हे सगळं भरलं की स्क्रीनवर येतं, चेक-इन झालं. आणि इथेच गल्लत होते. विमानाच्या चेक-इनची सवय असल्यामुळे आपल्याला वाटतं, आता सीट मिळाली. विमानात चेक-इन करताना सीट नंबर हातात पडतो. इथे नाही पडत. इथे तुम्ही काउंटरवर भरायचा फॉर्म आधी भरलात, एवढंच झालं. खोली अजून कुणाच्याच नावावर नाही.

मग फायदा काय? फायदा आहे, आणि चांगला आहे. तुमची खोली तयार झाली की अ‍ॅपवर किंवा मेसेजमध्ये नंबर येतो. मग काउंटरवर न थांबता थेट खोलीच्या दारात जायचं आणि फोनने दार उघडायचं. मनगटावर बांधायचा मॅजिकबँड असेल तर त्यानेही उघडतं. हे बँड २०१३ मध्ये आले. पूर्वी हॉटेलच्या पाहुण्यांना फुकट मिळायचे, आता विकत घ्यावे लागतात. आई-बाबांच्या फोनमध्ये अ‍ॅप टाकायचं नसेल तर काउंटरवर त्यांच्यासाठी प्लॅस्टिकचं की कार्ड मागून घ्या.

वेळेचं गणितही लक्षात ठेवा. चेक-आउट सकाळी ११ला. चेक-इन बहुतेक हॉटेलांत दुपारी ३ला, व्हिलामध्ये ४ला. म्हणजे एक कुटुंब बाहेर पडल्यापासून दुसरं आत येईपर्यंत चारेक तास. त्यात चादरी बदलणं, बाथरूम धुणं, तपासणी, आणि एखाद्या खोलीचा एसी बिघडला असेल तर ती यादीतून बाहेर काढणं. तुम्ही फॉर्ममध्ये सकाळी ९ लिहिलंत म्हणून ९ला खोली मिळेल असं नाही. पण खरी वेळ लिहा, कारण कुठली खोली कधी हवी आहे याचा अंदाज त्यावरूनच बांधता येतो. वेळ हॉटेलात पोचण्याची लिहायची, विमान उतरण्याची नाही. विमानतळावरून हॉटेलपर्यंत डिस्नेची मोफत बस असायची, ती २०२२ सुरू होताना बंद झाली. त्यामुळे टॅक्सी किंवा भाड्याच्या गाडीचा वेळ धरा.

लवकर पोचलात तर काही बिघडत नाही. सामान बेल सर्व्हिसेसकडे ठेवा, आणि पार्कमध्ये नाहीतर हॉटेलच्या पूलवर जा. औषधं, मुलांचे कपडे आणि चार्जर तेवढे हातातल्या पिशवीत ठेवा.

खोलीचा नंबर शेवटपर्यंत का देत नाहीत?

आता थोडं माझ्या आवडीचं. कंटाळू नका, दोन मिनिटांचं काम आहे.

समजा पाण्याकडे बघणाऱ्या फक्त तीन खोल्या आहेत: अ, ब आणि क. मंगळवारी रात्री अ रिकामी आहे, बुधवारी ब, आणि गुरुवारी क. रोज एक खोली रिकामी आहे ना? आहे. आता तुम्ही मंगळवार ते शुक्रवार, तीन रात्रींसाठी येताय. तुम्हाला पाण्याकडची खोली देता येईल का? नाही. कारण तीन रात्री सलग रिकामी अशी एकही खोली नाही. द्यायची झाली तर रोज सकाळी बॅगा उचलून खोली बदलावी लागेल.

पण समजा त्या तीन खोल्यांमध्ये येणारे लोक अजून पोचलेलेच नाहीत, आणि त्यांना नंबर कळवलेले नाहीत. मग त्यांना इकडून तिकडे सरकवता येतं. एकाला अ ऐवजी क, दुसऱ्याला क ऐवजी ब, आणि तीन रात्रींची सलग खोली तयार. टेट्रिस खेळलात ना? तसंच. ठोकळा खाली टेकेपर्यंत फिरवता येतो. टेकला की संपलं.

म्हणून हॉटेलं नंबर लवकर सांगत नाहीत. आधी सांगितलेला नंबर म्हणजे अडकलेली खोली. नंबर जितका उशिरा ठरेल तितकी जास्त कुटुंबं नीट बसवता येतात. यावरून एक कामाची गोष्ट निघते. तुमचा मुक्काम जितका लांब, तितकं वरच्या प्रकारात फुकट सरकणं अवघड. दोन रात्रींचा पाहुणा कुठेही बसतो. सात रात्रींसाठी सलग जागा शोधावी लागते. ग्रुपवर कुणी "आम्हाला मिळालं बुवा" म्हणालं, तर आधी विचारा, किती रात्री होतात आणि कुठल्या महिन्यात गेला होतात?

विनंत्यांचंही असंच आहे. खोली वाटणाऱ्या माणसासमोर तुमच्यासारखीच शेकडो बुकिंगं असतात. "वरचा मजला, शांत बाजू, लिफ्टजवळ, पूल दिसेल अशी, आणि मावशीच्या खोलीशेजारी" असं लिहिलंत तर पाचही अटी पाळणारी खोली बहुधा नसतेच. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? एक किंवा दोन विनंत्या करा, आणि जी खरोखर महत्त्वाची ती आधी लिहा. टूरिंगप्लॅन्स नावाच्या वेबसाइटवर डिस्नेच्या हॉटेलांमधल्या खोल्यांमधून काय दिसतं त्याचे फोटो आहेत. ते बघून इमारत किंवा भाग निवडा, आणि विनंती "अमुक इमारत, लॉबीच्या बाजूला" अशी नेमकी लिहा. "चांगली रूम द्या" या विनंतीचा काउंटरवरच्या माणसाला काहीच उपयोग नसतो.

फुकट अपग्रेड कुणाला मिळतं? उत्तर आपल्या रेल्वेत आहे

आयआरसीटीसीवर तिकीट काढताना एक चौकोन असतो, ऑटो अपग्रेडेशनचा. रेल्वेची ही योजना २००६पासून आहे. तुम्ही थ्री एसीचं तिकीट काढलंय, थ्री एसीला वेटिंग आहे, आणि टू एसीत बर्थ रिकामे आहेत. चार्ट बनताना रेल्वे थ्री एसीच्या काही कन्फर्म प्रवाशांना उचलून टू एसीत टाकते, एक रुपया जास्त न घेता.

का? तुमच्यावर प्रेम आहे म्हणून? अजिबात नाही. तुम्ही वर गेलात की खाली एक बर्थ सुटला, तो वेटिंगवाल्याला मिळाला. टू एसीतला बर्थ एरवी रिकामाच पळाला असता. रेल्वेचा फायदा झाला आणि त्या फायद्यात तुमची चांदी झाली.

हॉटेलातलं फुकट अपग्रेड मुळात हेच असतं. स्वस्त प्रकारच्या खोल्या जास्त भरल्या, किंवा त्यातल्या दोन-चार दुरुस्तीला निघाल्या, आणि महागड्या प्रकारात जागा आहे. मग कुणाला तरी वर सरकवायला लागतं. ज्याचा मुक्काम त्या रिकाम्या तारखांमध्ये बसतो, त्याचा नंबर लागतो. त्याचं नशीब म्हणजे बहुतांशी त्याच्या तारखा.

यावरून उलटही कळतं. नाताळचा आठवडा, स्प्रिंग ब्रेक, म्हणजे हॉटेल वरपासून खालपर्यंत भरलेलं असताना फुकट अपग्रेडची आशा ठेवू नका. आणि महागडा प्रकार लोक पैसे मोजून घेतायत तोपर्यंत तो कुणी फुकट का वाटेल?

मग वाढदिवस सांगून काही होतं का? डिस्नेमध्ये वाढदिवस, लग्नाचा वाढदिवस यांचे छोटे बिल्ले फुकट मिळतात. जरूर घ्या. दिवसभर लोक शुभेच्छा देतात, आजी एकदम खूश होते. काउंटरवरच्या माणसाला हसून विचारायलाही हरकत नाही. त्यांना तिथे कास्ट मेंबर म्हणतात. "काही चांगलं उपलब्ध असेल तर आम्हाला आवडेल" एवढं पुरे. खोली असेल आणि त्यांच्या हातात असेल तर कधीकधी देतात. डिस्नेचे चाहते याला पिक्सी डस्ट म्हणतात, म्हणजे परीने भुरभुरवलेली जादूची भुकटी. नावातच सगळं आलं. ही तिसऱ्या कप्प्यातली गोष्ट आहे. तिच्यावर सहल आखायची नाही. आणि नसलेला वाढदिवस सांगायचा नाही. नातवंडं शेजारीच उभी असतात, ती तिथल्या तिथे खरं काय ते सांगून मोकळी होतात.

पैसे देऊन अपग्रेड: ऑफर आली की काय करायचं?

हल्ली चेक-इनच्या सुमारास अ‍ॅपवर किंवा ईमेलवर ऑफर येऊ शकते. रात्रीमागे इतके डॉलर जास्त द्या आणि वरच्या प्रकारची खोली घ्या. सगळ्यांना येतेच असं नाही. पण आली तर तीन गोष्टी बघा.

पहिली, पूर्ण हिशोब. आकडा एका रात्रीचा दिसतो, म्हणून लहान वाटतो. समजा रात्रीमागे ४५ डॉलर, पाच रात्री. झाले २२५. त्यावर कर. डिस्नेच्या बहुतेक हॉटेलांवर विक्रीकर आणि पर्यटन कर मिळून १२.५ टक्के लागतो. म्हणजे साधारण २५३ डॉलर. एक डॉलर ९० रुपये धरला तर पावणेतेवीस हजार. आता आकडा लहान वाटतोय का?

दुसरी, ताडून बघणं. ऑफर आली म्हणजे ती स्वस्तच असेल असं नाही. वेबसाइटवर त्याच हॉटेलचा, त्याच तारखांचा, तोच प्रकार आज कितीला मिळतोय ते बघा. तुमच्या बुकिंगमध्ये बदल करून तो घेतला तर किती फरक पडेल तेही बघा. कधी ऑफर स्वस्त पडेल, कधी साधा बदल. फक्त खोलीचं बुकिंग असेल, तिकिटांचं पॅकेज नसेल, तर पाच दिवस आधीपर्यंत रद्द केलं की डिपॉझिट परत मिळतं. त्यामुळे त्या मुदतीच्या आसपास लोक बुकिंग सोडतात आणि काही खोल्या पुन्हा दिसू लागतात. तेव्हा एकदा डोकावून बघा. ऑफर स्वीकारल्यावर रद्द करता येते का, हे मात्र बटण दाबायच्या आधी वाचा.

तिसरी, आणि सगळ्यात महत्त्वाची. तुम्ही खोलीत किती वेळ असणार? सकाळी सातला बाहेर, रात्री दहाला परत. पडदा बंद करून झोपायचं. त्या खिडकीतून किल्ला दिसला काय आणि पार्किंग दिसलं काय! पण कुणी दुपारी खोलीवर थांबणार असेल, तान्हं बाळ असेल, किंवा आजोबांना पार्कमध्ये एकच दिवस जमणार असेल, तर चित्र बदलतं. सवाना व्ह्यूच्या बाल्कनीत बसून आजोबांनी चहा घेत तासभर जिराफ बघितला, तर ते पैसे वसूल. कुणाच्या वाट्याला काय येणार ते बघून ठरवा.

खोली बदलली, पण सवलती बदलल्या का?

अपग्रेड दोन प्रकारचं असतं, आणि लोक दोन्ही एकाच पोत्यात भरतात. एक, त्याच हॉटेलात चांगली खोली. दुसरं, वरच्या दर्जाचं हॉटेल.

डिस्नेच्या सगळ्या हॉटेलांमधल्या पाहुण्यांना पार्कमध्ये रोज अर्धा तास आधी प्रवेश मिळतो. व्हॅल्यू असो की डीलक्स, सारखाच. पण काही ठरावीक रात्री पार्क उशिरापर्यंत फक्त डीलक्स आणि डीलक्स व्हिलाच्या पाहुण्यांसाठी चालू असतं. हा फायदा हॉटेलच्या दर्जाला चिकटलेला आहे. व्हॅल्यू हॉटेलात स्टँडर्डवरून प्रिफर्डवर गेलात तर तो मिळत नाही. आणि डीलक्समधली सगळ्यात साधी खोली घेतलीत तरी मिळतो.

ऑरलँडोमध्येच युनिव्हर्सलची हॉटेलं आहेत, तिथे हा फरक आणखी ठळक आहे. पोर्टोफिनो बे, हार्ड रॉक आणि रॉयल पॅसिफिक या तीन प्रीमियर हॉटेलांच्या पाहुण्यांना एक्सप्रेस अनलिमिटेड पास खोलीच्या भाड्यातच मिळतो. युनिव्हर्सल स्टुडिओज फ्लोरिडा आणि आयलंड्स ऑफ अ‍ॅडव्हेंचर या दोन पार्कांमधल्या बहुतेक राइड्सना वेगळी, छोटी रांग. येण्याच्या दिवशी आणि जाण्याच्या दिवशीही तो चालतो, म्हणजे एक रात्र राहून दोन दिवस. तो पास वेगळा विकत घ्यायचा तर माणशी चांगले पैसे पडतात. चार-पाच जणांचं कुटुंब असेल तर महागडं हॉटेल एकूण हिशोबात परवडूही शकतं. इथे खिडकीतून काय दिसतं याला काही अर्थ नाही. हॉटेलचं नाव काय, यालाच आहे.

आई-बाबा बरोबर असतील तर

या भागासाठीच खरं तर हा विषय घेतला.

तिथली काही हॉटेलं म्हणजे इमारत नव्हे, वस्तीच आहे. कॅरिबियन बीच तळ्याभोवती पसरलंय. ते इतकं मोठं आहे की हॉटेलच्या आतच अनेक बसथांबे आहेत. तिथे शेवटच्या टोकाची खोली मिळाली, तर बाबा पार्कमध्ये पोचायच्या आधीच दमतात. आणि पार्कमध्ये दिवसभर चालायचंच आहे.

म्हणून गुडघ्याचा त्रास असेल तर "जवळची खोली द्या" हे विनंतीच्या रकान्यात लिहून निवांत बसू नका. ज्या गोष्टीशिवाय सहल होऊच शकत नाही, ती पहिल्या कप्प्यात, हक्काच्या कप्प्यात आणा. कशी? प्रिफर्ड प्रकार बुक करा. किंवा मुळातच आटोपशीर हॉटेल निवडा. पॉप सेंच्युरी आणि आर्ट ऑफ अ‍ॅनिमेशन व्हॅल्यूमध्ये मोडतात, पण स्कायलायनर ही रोपवे त्यांच्या दारातून निघते आणि एपकॉट व हॉलीवूड स्टुडिओज या पार्कांकडे जाते. ती २०१९ मध्ये सुरू झाली. कंटेम्पररीवरून तर मॅजिक किंगडमला चालत जाता येतं.

व्हीलचेअर जाईल असं रुंद दार, बाथरूममध्ये धरायला दांड्या, बसून आंघोळ करता येईल असा शॉवर, असं काही लागणार असेल तर अशा खोल्यांचा वेगळा प्रकार असतो. तोच बुक करा, किंवा वैद्यकीय गरज असेल तर हॉटेलला आधी फोन करून ती बुकिंगवर नोंदवून घ्या. आणि मग एक सावधगिरी: काउंटरवर कुणी प्रेमाने अपग्रेड देऊ केलं तर "थँक्यू" म्हणायच्या आधी विचारा, नवी खोली लॉबीपासून किती लांब आहे? त्या दांड्या तिथे आहेत का? पलंग दोन आहेत की एक? किल्ला दिसणारी खोली मिळाली आणि आईला आंघोळ करता येईना, तर ते अपग्रेड काय कामाचं? मिळालेलं अपग्रेड नको म्हणता येतं, हे बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही.

माणसं किती ते पण बघा. व्हॅल्यू हॉटेलची साधी खोली सुमारे २६० चौरस फुटांची असते आणि तिथे चार जणांची मर्यादा आहे. तुम्ही दोघं, मूल आणि आई-बाबा झाले की पाच होतात. "काउंटरवर बघू, मोठी देतील" असा विचार करू नका. आर्ट ऑफ अ‍ॅनिमेशनमधल्या फॅमिली स्वीटमध्ये सहा जण राहू शकतात आणि त्यात दोन बाथरूम आहेत. सकाळी सातला निघायचं असेल तेव्हा दुसऱ्या बाथरूमची किंमत कळते!

नेहमी येणारे तीन प्रश्न

चेक-इन शेवटच्या दिवशी केलं तर खोली वाईट मिळते का? खोलीचा प्रकार तुमच्या बुकिंगने ठरतो, तो बदलत नाही. पण विनंत्या लिहायच्या असतील तर खोल्या वाटल्या जायच्या आधी त्या तिथे असायला हव्यात. म्हणून काही दिवस आधी उरकून टाका.

भारतातलं कार्ड चालेल का? चालतं, पण रिझर्व्ह बँकेच्या २०२०च्या नियमानुसार नव्या कार्डावर परदेशी व्यवहार आपोआप चालू नसतात. बँकेच्या अ‍ॅपमध्ये जाऊन ते निघायच्या आधी चालू करा आणि मर्यादा बघून घ्या. परकीय चलनाचं वेगळं शुल्क किती लागतं तेही तपासा.

मेसेज आलाच नाही तर? भारतातला नंबर रोमिंगवर असेल तर एसएमएसच्या भरवशावर राहू नका. अ‍ॅपचं नोटिफिकेशन चालू ठेवा, हॉटेलचं वायफाय जोडा. तीन वाजून गेले तरी काही नसेल तर सरळ काउंटरवर जा. ऑनलाइन चेक-इन केलं म्हणून काउंटर तुमच्यासाठी बंद होत नाही.

निघायच्या आधी एक काम

आज रात्री फोनमध्ये एक नोट उघडा आणि तिचे तीन भाग करा. हक्क, विनंती, मेहेरबानी. घरच्यांना विचारून प्रत्येकाची अपेक्षा त्यात टाका. जे नसेल तर सहल मोडेल ते पहिल्या भागात, आणि त्यासाठी पैसे मोजा. जे असेल तर बरं ते दुसऱ्या भागात, एक-दोन ओळींत. बाकी सगळं तिसऱ्या भागात टाका आणि विसरून जा. मिळालं तर आनंद, नाही मिळालं तर तक्रार नाही.

आणि तुमच्या नोटमध्ये दुसऱ्या भागातलं काही पहिल्या भागात हलवावं लागलं, तर ते हलवा आणि बुकिंग बदला. अजून वेळ आहे तोपर्यंतच ते स्वस्तात होतं.

हा भाग ऑरलँडोची तयारी करणाऱ्या एखाद्या मित्राला नक्की पाठवा. पुढच्या भागात भेटू. तोपर्यंत ऐकत राहा, वाचत राहा!